उंबऱ्याच्या अलीकडची घोडी

माझा जावई घोड्यावर बसला की फार देखणा दिसतो. हे मी आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मी जळून बोलतेय असं कुणाला वाटायला नको. पाठ ताठ, टाचा खाली, हनुवटी वर. फोटो काढून घ्यावा असा. पण घोडं फोटो बघत नाही. घोड्याला कळतात ते हात, आणि जावयाचे हात जड आहेत. लग्नानंतर आठव्या दिवशी मी हे त्याला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून आमचं काही जमलं नाही.

तबेला माझा. म्हणजे कागदावर लेकीचा, कारण गुडघे गेले तेव्हा मीच तो तिच्या नावावर केला. पण त्यातली खुंटी न् खुंटी माझ्या हातची आहे. आत सहा घोडी, बाहेर गोल रिंगण. रिंगणात शहरातली पोरं घोडेस्वारी शिकायला येतात आणि जावई त्यांना शिकवतो. त्याच्याकडे त्याचं प्रमाणपत्र आहे, काच लावून ऑफिसात टांगलंय. माझ्याकडे चौथीपर्यंतची शाळा आणि घोड्यांनी मोडलेल्या दोन बरगड्या.

भांडण झालं ते गाजरावरून. मी भिंगरीला हातावर गाजर भरवत होते. भिंगरी ही माझी घोडी, एकोणीस वर्षांची. आई मेल्यावर बाटलीने दूध पाजून वाढवलेली. कठड्यापाशी पोरांचे आईबाप उभे होते, आठदहा जण. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जावई म्हणाला, "सासूबाई, घोड्याला हातावर खायला देऊ नये. चावायची सवय लागते. हे अगदी प्राथमिक आहे."

प्राथमिक!

मी म्हटलं, "जावईबापू, तुम्हाला दुधाचे दात यायच्या आधीपासून मी घोड्यांच्या तोंडात हात घालतेय. बोटं मोजून घ्या, दहाच्या दहा आहेत."

लोक हसले. जावई कानापर्यंत लाल झाला. "मग ठेवा तुमची घोडी तुमच्यापाशी," तो म्हणाला, "पण रिंगणात पाऊल टाकायचं नाही."

"आणि तुम्ही माझ्या तबेल्यात नाही."

मग लेकीने तह केला. चारा, पाणी, खरारा, खूर साफ करणं, खालचं गवत बदलणं हे आईचं. खोगीर, लगाम, रिंगण हे जावयाचं. तबेल्याच्या दाराला उंबरा आहे, ती हद्द. उंबऱ्याच्या अलीकडे घोडं माझं, पलीकडे त्याचं. सकाळी मी घोडं उंबऱ्याशी आणायचं, दोरी पुढे करायची, त्याने ती घ्यायची आणि लगाम चढवायचा. बोलायचं काही नाही. बोलायचंच असेल तर लेकीला सांगायचं.

"सांग तुझ्या नवऱ्याला, खोगिराचा तंग एक भोक सैल ठेव म्हणावं, पोटाखाली कातडं वळतंय."

"अहो, आई म्हणते—"

"ऐकलं मी. आईला सांग, तंग आवळायला मला येतो."

तिघांत अंतर वीतभर. लेक मध्ये उभी, एकदा इकडे मान, एकदा तिकडे. मी तर रिंगणाकडे पाठ करूनच बसायला लागले. बघायचंच नाही म्हटल्यावर बघायचं नाही. लेकीलाही बजावून ठेवलं, तिथलं मला एक अक्षर सांगू नकोस.

महिनाभराने भिंगरीच्या गव्हाणीत मला गवताचे बोळे दिसले. बोटभर लांब, ओले, अर्धवट चावून टाकून दिलेले. लिदीत पाहिलं तर दाणे अख्खे. घोड्यांत राहिलेल्या कुणालाही यातून एकच गोष्ट कळते, दात. मलाही कळली. पण मी धरलं ते असं, की एकोणीस वर्षांची घोडी, दाढा झिजल्या, म्हातारी झाली.

आणि म्हाताऱ्या घोड्याचं आमच्याकडे काय होतं ते मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. राखाडी घोड्याला दिसेनासं झालं, तर आठवड्यात त्याची रवानगी झाली. "ज्याच्यावर पोरं बसू शकत नाहीत ते घोडं ठेवणं म्हणजे नुसती हौस," असं जावई म्हणाला होता, आणि म्हणताना चहा पीत होता.

म्हणून मी लपवलं. रोज पहाटे बादली घेऊन बोळे वेचायचे, उकिरड्यावर नेऊन वर लीद टाकायची. दाणा कोमट पाण्यात भिजवून द्यायचा. खरारा दुप्पट. घोडी उंबऱ्यावरून जाताना आरशासारखी चकाकायची. जावयाला काय कळणार? तो घोडीला बघायचा ती तिथून पुढे. डॉक्टरला बोलवावं असं मनात आलं होतं. पण ते लेकीच्या कानावर घालावं लागलं असतं, आणि लेकीच्या पोटात काही राहत नाही.

दोन महिने असे काढले. मग एका बुधवारी, मी रिंगणाकडे पाठ करून दाण्याचं फाटकं पोतं शिवत बसले असताना, टापांचा ठेका चुकला. घोडी ओरडली. खिंकाळणं वेगळं आणि हे वेगळं. त्यामागोमाग पोरगी ओरडली.

बेकरीवाल्याची मुलगी होती, अकरा वर्षांची. घोडीवरून पडून कोपराखाली हात मोडला होता. भिंगरी कठड्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी, कान मानेला चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता, घाम सुटलेला. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. तह म्हणजे तह. आज लिहितानाही मला त्या थांबण्याचा राग येतो.

पोरीला दवाखान्यात नेऊन आल्यावर जावई अंगणात उभा राहिला. "सांग तुझ्या आईला," तो लेकीला म्हणाला, "घोडी माथेफिरू झालीय. दोन महिने हेच चाललंय. डोकं उडवते, मागच्या पायांवर उभी राहते. काही कारण नाही, काही नाही. खुनशी झालीय नुसती."

"सांग तुझ्या नवऱ्याला, खुनशी नाही झाली. तिला त्याचा वीट आलाय. घोड्याला माणूस बरोबर कळतं."

हे बोलून मला जे बरं वाटलं ते काय सांगू. आणि जन्मभर मीच पोरांना शिकवत आले होते, की घोडं आकस धरत नाही. ते तुमच्याशी वाकडं वागलं तर त्याला भीती वाटतेय किंवा कुठेतरी दुखतंय, दोन्हींतलं काय ते शोधा. कान बघा, शेपूट बघा, कुठला पाय उचलून धरलाय ते बघा. पण जावयाची पाळी आली तेव्हा मला पक्की खात्री होती, की माझी घोडी आकस धरते, आणि माझ्याच बाजूने धरते.

"सांग आईला," जावई म्हणाला, "मी बेकरीवाल्याला शब्द दिलाय. शनिवारी दुपारच्या आत घोडी इथून जाईल. तो स्वतः बघायला येणार आहे. दलालाला फोन केलाय."

तो दलाल मला ठाऊक होता. त्याच्या गाडीत चढलेलं घोडं पुन्हा कुणाला कधी दिसलं नाही.

गुरुवार मी भांडले. शुक्रवारी सकाळीही भांडले. जावयाचे हात, जावयाचं खोगीर, जावयाचं ते काचेतलं प्रमाणपत्र, काही सोडलं नाही. त्यानेही माझं वय, माझं गाजर आणि माझी चौथी सोडली नाही. निरोप नेऊन नेऊन लेकीचा घसा बसला.

शुक्रवारी दुपारी जेवायला बसलो. जावई बाहेर होता. मला नवी कवळी बसवून तीन आठवडे झाले होते. तिची डावी कड आतून गाल कापत होती. घास उजवीकडे घ्यायचा, मान कलती करायची आणि हळूहळू चावायचं, असं माझं चाललं होतं.

"आई, ती कवळी तरी काढून ठेव," लेक म्हणाली. "तिने तुझा गाल सोलला की तू आम्हाला सोलतेस."

"माझ्या तोंडाचं मी बघेन."

"बघ. पण मान अशी वाकडी करून जेवू नकोस, मला घास जात नाही. अगदी भिंगरी दिसतेस."

"भिंगरी काय?"

"तीही रिंगणात अशीच करते. डावा लगाम ओढला की मान अशी कलती, आणि मग डोकं आभाळात."

माझा घास तोंडातच राहिला. "डावाच?"

"डावाच. उजवीकडे वळताना काही नाही, लोण्यासारखी वळते."

"मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

लेकीने ताटातून मान वर केली. "तू म्हणाली होतीस, रिंगणातलं एक अक्षर सांगू नकोस. शपथ घातली होतीस. मी आता कंटाळून बोलले."

मी कवळी काढली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तशीच, बोळक्या तोंडाने, तबेल्यात गेले.

घोड्याकडे समोरून जायचं नाही आणि मागून तर नाहीच. तिरकं जायचं, खांद्याशी, आधी आवाज द्यायचा, मग हात. भिंगरी चरत होती. मी खांद्याशी उभी राहिले आणि तिला खाताना पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. बोळे वेचायच्या घाईत मी ती खाऊन संपवायची वाट बघायचे, खाताना कधी बघितलंच नव्हतं. मान उजवीकडे कलती. जबडा एकाच बाजूने फिरत होता. मध्येच थांबली, तोंड उघडलं आणि बोळा टाकला.

मी तिच्या गालावरून बाहेरून बोटं दाबत नेली, वरच्या दाढांच्या ओळीवर. उजवीकडे तिने नुसता कान हलवला. डावीकडे दाबलं आणि तिने डोकं असं वर फेकलं की तिच्या जबड्याचं हाड माझ्या कपाळावर बसलं. डोळ्यापुढे काजवे चमकले.

दाढा झिजल्या नव्हत्या. उलट वाढल्या होत्या. घोड्याच्या वरच्या दाढांची बाहेरची कड वाढत जाते, सुरीसारखी धार येते आणि गाल आतून फाटतो. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जातो. कानशीने घासल्या की झालं, तासाभराचंसुद्धा काम नाही. दरवर्षी उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टर येऊन सगळ्यांच्या घासून जातो. यंदा तो आलाच नव्हता, कारण यंदा त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. तोंडात चारा जातो म्हणून तोंड सासूबाईंचं, असं जावई धरून चालला. तोंडात लगाम जातो म्हणून तोंड जावयाचं, असं मी धरून चालले. तहात सगळ्या घोडीची वाटणी झाली होती आणि तोंड राहून गेलं होतं.

डॉक्टरला फोन लावला. तो परगावी, मंगळवारी येणार. म्हणजे सांगणं आलं. जावयाला, माझ्या तोंडाने, दोन महिन्यांच्या बोळ्यांसकट. शुक्रवारची उरलेली दुपार आणि संध्याकाळ मी ते गिळत बसले, आणि ते कवळीपेक्षा जास्त टोचत होतं.

शनिवारी सकाळी मी उठले ती गाडीच्या आवाजाने. दलाल ठरल्या वेळेच्या दोन तास आधीच आला होता, बेकरीवाल्याला घेऊनच. बाहेर आले तर मागचं फळकूट खाली पडलेलं, बेकरीवाला हाताची घडी घालून उभा, शेजारी त्याची मुलगी, हात प्लास्टरमध्ये. जावई उंबऱ्याशी दोरीची वाट बघत होता. मी तबेल्यात जाऊन गव्हाणीतले बोळे बादलीत भरले आणि बादली घेऊन उंबरा ओलांडला.

"आजी, बाजूला व्हा," दलाल म्हणाला. "खुनशी घोडी आहे, लाथ लागेल."

"आजी असेल तुझ्या घरी. आणि लाथेचं म्हणशील तर घोडीच्या आधी माझी लागेल."

मी जावयाच्या बुटांपुढे बादली पालथी केली. "जावईबापू, हे बघा."

तीन महिन्यांत त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द. त्याने सवयीने लेकीकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघता? तुमच्याशी बोलतेय मी."

तो वाकला, एक बोळा उचलला, मोडून पाहिला. प्रमाणपत्र अगदीच फुकटचं नव्हतं, त्याला लगेच कळलं. "किती दिवसांपासून?"

"दोन महिने."

"आणि तुम्ही ते उचलून टाकत होता."

"हो."

"का?"

"म्हातारी झाली म्हणून तुम्ही तिला घालवली असती."

"आणि आता मी काय करतोय, सासूबाई?"

मी पालथी बादली सुलटी केली. 

तो बोळा त्याने माझ्या पायाशी टाकला. "त्या पोरीचा हात तुमच्या उकिरड्याखाली मोडून पडलाय," तो म्हणाला, हळू आवाजात. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"पडलाय," मी म्हटलं. "आणि लगाम कुणाच्या हातात होता? डावीकडे ओढलं की डोकं उडवते, उजवीकडे नाही. दोन महिने रोज बघितलंत. घोड्याला अर्ध्या बाजूचा राग येतो का हो? कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"मला तुम्ही सांगायला हवं होतं—"

"मी पण सांगितलं होतं सरांना," बेकरीवाल्याची मुलगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती प्लास्टर पोटाशी धरून उभी होती. "मी म्हटलं होतं, डावा लगाम ओढला की ती रडल्यासारखं करते. सर म्हणाले, घट्ट धर, तिला कळू दे कोण मोठं आहे."

आता जावयाचे कान लाल झाले. मी त्याबद्दल काही बोलले नाही. वेळ नव्हती म्हणून, नाहीतर सोडणारी मी नव्हे.

"दाखवा तोंड," तो म्हणाला.

भिंगरीला उंबऱ्यापर्यंत आणलं. पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये रिकामी जागा असते, तिथून मी हात घातला, जीभ धरून बाजूला ओढली. जीभ धरलेली असली की घोडं जबडा मिटत नाही. जावयाने फोनचा उजेड आत टाकला. आमची डोकी एकमेकांना लागत होती. इतक्या जवळ आम्ही कधी आलो नव्हतो, आणि पुन्हा यायची माझी इच्छा नाही.

"डावा गाल बघा," मी म्हटलं. "जीभ सुटली तर तुमचंच बोट जाईल, मग मोजत बसा."

त्याने बोट घातलं. भिंगरी थरथरली, पण उभी राहिली. बोट बाहेर आलं ते रक्ताने भरलेलं. तो म्हणाला, "बोट जाईल एवढी भोकं पडलीत. दोन." मग फोनचा उजेड विझवला.

बेकरीवाल्याने तोंड फिरवलं होतं. तसाच तो बोलला, "दात असोत नाहीतर आणखी काही असो. मला शब्द दिला होता."

"दिला होता," जावई म्हणाला. दोरी त्याच्या हातात होती आणि तो माझ्याकडे बघत होता. वाट बघत होता, हे मला कळलं. मी कधी कुणाची माफी मागितलेली त्या घरात कुणी पाहिली नव्हती.

मी बेकरीवाल्याकडे बघितलंच नाही. पोरीपुढे जाऊन उभी राहिले. "तुझा हात घोडीने नाही मोडला," मी म्हटलं. "मी मोडला. तिला दुखत होतं ते मला दिसत होतं आणि मी लपवलं."

"मग गाडीत तुम्हाला घालायचं का?" बेकरीवाला म्हणाला.

"दोघांनाही घाला!"

ही लेक. तिचा बसलेला घसा फुटला होता. "आईला घाला आणि ह्यांनाही घाला! तीन महिने माझा पोस्टमन केलाय. घोडी अर्धी तिची, अर्धी ह्यांची, आणि दुखतं ते कुणाचंच नाही! तबेला माझ्या नावावर आहे ना? मग घोडी कुठं जाणार नाही. ए, फळकूट वर कर. चल, निघ."

दलाल काहीतरी पुटपुटला आणि फळकूट ओढायला लागला.

"माझी मुलगी इथे परत येणार नाही," बेकरीवाला म्हणाला.

"नका आणू," लेक म्हणाली. "तुमचं बरोबर आहे."

तो गेला. त्याचं ऐकून पुढच्या आठवड्यात आणखी तीन पोरं गेली, त्यांचंही बरोबर होतं. मंगळवारी डॉक्टर आला, कानस घेऊन दाढा घासल्या, तीन आठवडे तोंडात लगामाचं लोखंड घालायचं नाही म्हणाला. जाताना त्याने विचारलं, इतके दिवस कुणी बघितलं कसं नाही. आम्ही तिघंही बादलीकडे बघत राहिलो.

आमचं भांडण मिटलं असं कुणी समजू नये. लेकीने तहात एकच कलम वाढवलंय, ते असं की तोंड दोघांचं. सकाळी घोडी खात असताना सासू आणि जावई दोघांनी गव्हाणीशी उभं राहायचं, शेवटचा दाणा संपेपर्यंत. बोलायची सक्ती नाही. बोललं तर दिवस खराब जातो, म्हणून जावई रिंगणातलं जे काही ते दारावर खडूने लिहून ठेवतो. मी अक्षर अक्षर लावून वाचते, वेळ लागतो, पण वाचते. महिन्याभराने त्याने लिहिलं, "डावीकडे वळली. मान सरळ."

मी खडू उचलला. किती वर्षांनी उचलला कोण जाणे. खाली लिहिलं, "हात अजून जड."

दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली त्याच्या त्या छापील अक्षरात होतं, "कवळी घासून घ्या."

लेकीच्या पोटात काही राहत नाही. मी ओल्या फडक्याने ते पुसून काढलं आणि गव्हाणीशी जाऊन उभी राहिले. जावई पलीकडे आधीच उभा होता. भिंगरीने शेवटचा दाणा खाल्ला. आम्ही दोघांनीही एकाच वेळी वाकून आत बघितलं. बोळा एकही नव्हता.